चढावर गाडी थांबते, चाकं जागच्या जागी फिरतात : घाटाच्या लेआउटवर परत परत येणारा दोष

लक्षण ठरलेलं असतं. मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या मार्गावर, सपाटीला इंजिन दहा वाघिणी (मालडबे) आरामात ओढतं. घाट लागला की वेग पडतो, वळणावर चाकं जागीच फिरायला लागतात आणि गाडी थांबते. हाताने थोडा धक्का दिला की पुढे जाते. मग इंजिनात वजन घातलं जातं, रूळ पुसले जातात, आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. कधी गाडी थांबत नाही, पण चढ संपतो तिथे डबे जोडणारे कपलर सुटतात आणि मागचे डबे घाट उतरून खाली येतात.

असा दोष परत परत येतो तेव्हा तो बहुतेक वेळा इंजिनात नसतो, आखणीत असतो. जेवढ्या लांबीत जेवढी उंची मागितली आहे तेवढी तिथे मावत नाही. पण आखणी मोडण्याआधी खात्री करून घ्यायला हवी, कारण हीच लक्षणं वीज कमी पडली तरी दिसतात आणि रुळाखालची पट्टी एका जागी बसली तरी दिसतात. खालचे सगळे आकडे एचओ मापाचे आहेत, म्हणजे खऱ्याच्या १:८७ प्रमाणात, आणि १६.५ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर). एन (त्याहून लहान) मापाचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी मोजा

मोबाइलमधलं उतार दाखवणारं अ‍ॅप या कामाला चालत नाही. एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के चढ, आणि मोबाइल अर्ध्या अंशाने सहज चुकतो. सुताराची ६० सेमीची स्पिरिट लेव्हल घ्या आणि रुळावर लांबीच्या दिशेने ठेवा. खालच्या बाजूचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखालची फट व्हर्नियरने मोजा. ६० सेमीला ६ मिमी फट म्हणजे १ टक्का, १५ मिमी म्हणजे अडीच टक्के. रेल्वेच्या भाषेत अडीच टक्के म्हणजे ४० ला १. भोर घाट आणि थळ घाट या दोन्ही ठिकाणी चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, आणि तिथे बहुतेक खऱ्या गाड्यासुद्धा मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावल्याशिवाय चढत नाहीत. टेबलावर ४ टक्के चढ ठेवून एकाच इंजिनाने पूर्ण गाडी ओढायची अपेक्षा करताना हे लक्षात असू द्या.

एका जागी मोजून थांबू नका. लेव्हल १५-१५ सेमी पुढे सरकवत पूर्ण चढ मोजा, आणि प्रत्येक आकडा स्लीपरशेजारी पेन्सिलने लिहून ठेवा. सरासरी चढ अडीच टक्के असतो आणि मधेच एका ठिकाणी साडेचार निघतो, असं फार वेळा होतं. दोन टेकूंच्या मधे प्लाय खाली बसलेला असतो. त्या खोलगट भागातून बाहेर पडताना चढ एकदम वाढतो, आणि इंजिन नेमकं तिथे अडतं. असं ठिकाण सापडलं तर आखणीला हात लावायचं कारण नाही. तिथे मधे एक टेकू द्या आणि पट्टी वर उचला.

त्यानंतर लेव्हल आडवी धरा. १० सेमीची छोटी लेव्हल दोन्ही रुळांवर आडवी ठेवून दर १० सेमीला बघा. चढता प्लाय वळणावर वाकवला की तो पीळ घेतो आणि एक रूळ वर येतो. सहा अॅक्सलच्या इंजिनाचं एखादं चाक अशा ठिकाणी कागदाच्या जाडीइतकं हवेत राहतं. तेवढ्याने ओढ कमी होते आणि वीज घेणंही तुटतं. चाक खरंच उचललं जातंय का ते बघायला इंजिन त्या जागी उभं करा आणि चाकाखालून सिगारेटचा कागद सरकवून पाहा. कागद अडकायला हवा.

वीज कमी पडते आहे का

चढावर मोटर जास्त करंट मागते. फीडर (रुळाला वीज देणारी वायर) लांब असेल किंवा रुळांचे जोड सैल असतील तर नेमकं तिथेच व्होल्टेज पडतं. ओळखायची खूण सोपी आहे. चाकं फिरत असतील आणि गाडी पुढे जात नसेल, तर ओढ कमी आहे. चाकंच मंदावून थांबत असतील, तर वीज कमी आहे. दोन्ही एकदम बदलायला गेलात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

तपासणीसाठी स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा दिवा घ्या. तो रुळांना जोडला की सुमारे ०.८ अँपिअर ओढतो, म्हणजे चढावरच्या इंजिनाइतका भार पडतो. डीसी कंट्रोलर पूर्ण उघडा, दिवा चढाच्या सर्वांत वरच्या टोकाला लावा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. मग तोच दिवा तिथे तसाच ठेवून कंट्रोलरच्या तोंडाशी मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर खाली १.५ चौरस मिमीची मुख्य वायर फिरवा आणि तिच्यापासून दर मीटरला ०.५ चौरस मिमीचे फीडर रुळाला सोल्डर करा. जॉइनरवर (दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्यावर) वीज सोडू नका. जॉइनरचं काम रूळ सरळ धरणं एवढंच. डीसीसी (डिजिटल कंट्रोल) असेल तर चढाच्या प्रत्येक भागात रुळांवर नाणं आडवं टाका. बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने) लगेच कट मारला पाहिजे. तो मारत नसेल तर तिथपर्यंतची वायर बारीक आहे, आणि शॉर्ट झाला तर ती तापत राहील.

ओढीचा हिशेब

इंजिन किती ओढतं हे अंदाजाने ठरवू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. काट्यावर २०० ग्रॅमचं वजन ठेवा, त्याला दोरा बांधा, दोरा वर नेऊन टेबलाच्या कडेवरच्या छोट्या पुलीवरून इंजिनाच्या कपलरला लावा. इंजिन चालू केलं की काट्यावरचा आकडा उतरतो. चाकं घसरायला लागतात त्या वेळी जितके ग्रॅम कमी झाले तितकी त्या इंजिनाची ओढ. धातूची चाकं आणि रबर टायर नसलेलं इंजिन आपल्या वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के ओढतं. ४०० ग्रॅमच्या इंजिनाची ओढ ८८ ग्रॅमच्या आसपास धरू.

आता वाघिणी. बॉक्सएन (कोळशाची उघडी) वाघीण कपलरसकट १०.७ मीटर, म्हणजे एचओमध्ये १२३ मिमी. डब्याच्या वजनाचा प्रचलित नियम असा : २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. त्या हिशेबाने बॉक्सएन सुमारे १०० ग्रॅमची आणि आयसीएफचा प्रवासी डबा सुमारे १६५ ग्रॅमचा असावा. दहा वाघिणी म्हणजे १००० ग्रॅम.

विरोध तीन ठिकाणांहून येतो. चाकं सहज फिरणारी असली तरी सपाटीवर डब्यांच्या वजनाच्या २ टक्के जातात. चढाचे टक्के पूर्ण गाडीवर लागतात, इंजिन धरून. तिसरा विरोध वळणाचा, आणि आखताना हाच विसरला जातो. एचओसाठी ढोबळ नियम : ३२ भागिले त्रिज्या इंचांत, उत्तर टक्क्यांत. १८ इंची वळण म्हणजे १.८ टक्के जादा चढ, २२ इंची म्हणजे जवळजवळ दीड टक्का, २४ इंची म्हणजे १.३. खरी रेल्वेही हा हिशेब करते. आपल्याकडे ब्रॉडगेजवर वळणाच्या प्रत्येक अंशामागे चढ ०.०४ टक्क्याने कमी करतात. मॉडेलचं वळण प्रमाणापेक्षा कितीतरी घट्ट असतं, म्हणून इथे वजावट मोठी आहे.

आठ बाय चारच्या प्लायवर काय होतं

आपल्याकडे सुरुवात बहुतेक जण ८ बाय ४ फुटांच्या पूर्ण शीटवर करतात, आणि घाट हवा म्हणून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, स्वतःवरून जाणारा मार्ग आखतात. दोन्ही बाजूंना १८ इंची वळणं, कडेला ५ सेमी मोकळी जागा. अशा मार्गाची लांबी ६.३ मीटर भरते. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं, म्हणजे चढायला मिळतात ३.१७ मीटर. खालच्या रुळापासून वरच्या रुळापर्यंत १० सेमी हवेत. चढ सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे ६०-६० सेमीचं हळूहळू वळतं तोंड लागतं, त्यात प्रत्येकी ३० सेमी लांबी वाया जाते. उरले २.५७ मीटर, आणि चढ आला ३.९ टक्के.

गाडीला लावून बघा. सपाटीचा विरोध २०, चढाचा १४०० ग्रॅमवर ५५, वळणाचा डब्यांच्या १००० ग्रॅमवर १८. बेरीज ९३ ग्रॅम. इंजिनाची ओढ ८८. इंजिन कितीही चांगलं असलं तरी ही गाडी थांबणारच. त्यातच एका बाजूला ९० सेमीचं सपाट स्टेशन हवं असेल, तर त्या बाजूचा चढ ६ टक्क्यांवर जातो. स्टेशन आणि ओलांडणी दोन्ही एचओमध्ये आठ बाय चारवर बसत नाहीत. यातलं एक सोडा.

पण दहा सेमीचा आकडा पवित्र नाही. अमेरिकन डबल स्टॅक कंटेनर चालवायचे असतील तर पुलाखाली ७६ मिमी मोकळे लागतात आणि पुलाची जाडी धरून शंभर होतात. भारतीय गाड्यांची उंची साधारण सव्वाचार मीटरच्या आत असते, म्हणजे ४९ मिमी. वर विजेची तार नसेल तर ६० मिमी मोकळी उंची पुरते. पातळ गर्डर पूल वापरला, जाड प्लाय पुलाखालून काढून टाकला, तर रूळ ते रूळ ७५ मिमीत काम होतं. त्याच लांबीत चढ २.९ टक्क्यांवर येतो आणि दहा वाघिणींना ७९ ग्रॅम लागतात. इंजिन चढतं, पण जेमतेम. धूळ, तेलाचा ओघळ, थोडा पीळ यांना जागा हवी, म्हणून लागणारी ओढ इंजिनाच्या ओढीच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त होऊ देऊ नका. आठ वाघिणी केल्या की आकडा ६५ वर येतो, आणि ८८ चा तीन चतुर्थांश ६६. तेव्हा त्या लेआउटची गाडी आठ वाघिणींची.

पुलाखालच्या रुळावर विजेची तार लावायची असेल तर गणित बदलतं. तारेची नेहमीची उंची ५.५ मीटर, एचओमध्ये ६३ मिमी. पुलाखाली तार खाली घेता येते, पण पँटोग्राफला (इंजिनाच्या छपरावरच्या, तारेला टेकणाऱ्या सांगाड्याला) तेवढं दबता आलं पाहिजे. आधी आपल्या इंजिनावर बघून घ्या.

एन मापात हाच बोर्ड सुटसुटीत आहे. ५५ मिमी उंची पुरते, चढ २.१ टक्के येतो, आणि १८ इंची वळण एनला ऐसपैस असतं. जागा तेवढीच असेल आणि घाट हवाच असेल तर एन निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे. माथेरानच्या गाडीवर जीव असेल तर आणखी एक वाट आहे. नेरळ-माथेरान लाइन दोन फुटी गेजची, तिथे खरा चढच २० ला १ म्हणजे ५ टक्के आहे, वळणं घट्ट आणि गाडी चार-सहा डब्यांची. एचओच्या मापात ९ मिमी रूळ वापरून ती करतात. गेज खऱ्यापेक्षा थोडं रुंद पडतं. (तसं पाहिलं तर आपलं ब्रॉडगेज एचओमध्ये १९.३ मिमी यायला हवं आणि आपण ते १६.५ वर चालवतो. दोन्हीकडे तडजोड आहे.)

खोली असेल तर बोर्ड सोडा आणि भिंतीने जा. १० बाय १२ च्या खोलीत भिंतीलगत ४० सेमी रुंदीची फळी फिरवली की साडेअकरा मीटरच्या वर लांबी मिळते. दाराचा भाग उचलता येईल असा ठेवा. चार मीटर चढ २ टक्क्यांनी, चार मीटर उतार, आणि स्टेशनला सलग सपाटी उरते.

चढाचं तोंड

कपलर सुटतात, इंजिनाचा पुढचा गार्ड रुळाला घासतो, गाडी चढाच्या माथ्यावर तुटते, या सगळ्याचं मूळ एकच. सपाटीवरून चढ एकदम सुरू केलेला असतो. फोमचे तयार उतार किंवा कोपऱ्यात ठोकलेली पट्टी सरळ ३ टक्क्यांनी निघते. मॉडेलवर दोन डबे त्या कोनात आले की एकाचा कपलर वर जातो, दुसऱ्याचा खाली.

अडीच टक्क्यांच्या चढासाठी ६० सेमीचं तोंड करा आणि टेकू दर १५ सेमीला ठेवा. पहिला टेकू अर्धा मिमी उंच, दुसरा २, तिसरा ४, चौथा साडेसात. त्यापुढे प्रत्येक १५ सेमीला पावणेचार मिमी वाढवत जा. माथ्यावर हेच उलट. १२ मिमीचा प्लाय या टेकूंवर स्क्रूने बसवला की तो आपोआप गोलाई घेतो, त्याला कापायची किंवा घासायची गरज नसते. मधे जोड मात्र आणू नका. प्लायच्या दोन तुकड्यांचा सांधा चढाच्या तोंडात आला की तिथे टोक येणारच. जोड चढाच्या मध्यावर घ्या आणि खालून एक फूटभर पट्टी दोन्हींना चिकटवून स्क्रू मारा. पॉइंटसुद्धा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) या ६० सेमीत बसवू नका. मधल्या सरळ चढावर चालतो.

टेकू कायमचे चिकटवू नका. उभ्या पट्टीत २५ मिमीचा उभा खाच काढा, ६ मिमीचा बोल्ट आणि मोठा वॉशर घाला. पावसाळ्यानंतर उंची बदलावी लागेल तेव्हा पाना फिरवला की झालं.

कपलर तरीही सुटत असतील तर उंची बघा. नकल कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमीवर हवा. उंचीचं गेज मिळतं. एक घेऊन सगळे डबे त्यावर तपासा आणि फायबरचे पातळ वॉशर घालून सारखे करा. कपलरखालची वाकडी तार पॉइंटला अडकत असेल तर ती पक्कडीने किंचित वर वाकवा.

चढणाऱ्या गाडीचे पुढचे डबे वळणावर आतल्या बाजूला कलंडत असतील तर ते हलके आहेत. जड डबे इंजिनाला लागून आणि रिकामे मागे जोडा. मागून बँकर लावणार असाल तर नेमकं उलट. रिकाम्या हलक्या वाघिणी बँकरच्या तोंडाशी आल्या की ढकलल्या जाऊन वळणावर उडतात. डीसीसीवर दोन्ही इंजिनांचा वेग आधी सपाटीवर जुळवा. मागचं थोडं संथ ठेवा.

उताराला इंजिन गचके देत असेल, तर मागची गाडी त्याला ढकलते आणि वर्मगिअर पुढे-मागे सरकतो. शाफ्टला ढिलाई असेल तर ०.१ मिमीचे वॉशर घालून ती कमी करा. पूर्ण आवळू नका, मोटर तापते.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरा. पॉलिश पेपर अजिबात नको. त्याचे ओरखडे मळ धरतात आणि दोष आठवड्याने परत येतो. गिअरला थेंबभर तेल पुरतं. जास्तीचं तेल चाकांवर येतं आणि तिथून पूर्ण घाटभर पसरतं.

उंची रुळाला नको, दरीला द्या

लेआउटवर घाट उंच वाटावा म्हणून रूळ वर न्यायचा ही समजूतच मुळात दोषाचं कारण आहे. कोकण रेल्वेकडे बघा. रत्नागिरीजवळचा पानवळचा पूल ६४ मीटर उंच आहे, आणि त्या मार्गाचा नियामक चढ (आखणीत धरलेला कमाल चढ) १५० ला १, म्हणजे पाऊण टक्क्यापेक्षाही कमी. रूळ जवळजवळ सपाट आहे, जमीन खाली गेली आहे. तेच टेबलावर करा. बोर्डाची पूर्ण शीट न वापरता खाली १ बाय ३ इंची पट्ट्यांचा सांगाडा बनवा. रूळ जाईल तेवढाच प्लाय पट्टीसारखा कापून टेकूंवर ठेवा. पुढच्या बाजूला सांगाडा २५-३० सेमी खाली उतरवा आणि दरी करा. एचओमध्ये पानवळ ७३ सेमी होतो. ते सगळ्यांना जमणार नाही, पण ३५ सेमीची दरीसुद्धा बघणाऱ्याला पुरेशी खोल वाटते. रूळ दीड-दोन टक्क्यांवर राहतो आणि गाडी पूर्ण लांबीची चालते.

दुसरी गोष्ट डोळ्याची आहे. चढ किती दिसतो हे शेजारी आडव्या रेषा कोणत्या आहेत त्यावर ठरतं. सह्याद्रीत या रेषा आयत्या मिळतात. लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेले आहेत, म्हणून कड्यांना पायऱ्या आहेत आणि माथे सपाट आहेत. दोन थरांच्या मधे ठिकठिकाणी विटकरी लाल मातीचा पातळ पट्टा दिसतो. कटिंगच्या (डोंगर कापून केलेल्या वाटेच्या) प्लास्टरवर २ मिमीचा असा लाल पट्टा काढा, पण तो पाणसळीत काढा. सपाट बोर्डावर एका ठोकळ्याला पेन्सिल बांधून ठोकळा सरकवत नेला की रेष आडवी येते. मग दोन टक्क्यांचा रूळ त्या रेषेसमोर एका मीटरमध्ये २० मिमी वर जातो. कटिंगच्या खालच्या टोकाला पट्टा डब्यांच्या खिडक्यांच्या वर असतो, वरच्या टोकाला चाकांजवळ येतो. बघणाऱ्याला घाट दिसतो. हेच थर रुळाला समांतर कोरले तर ३ टक्के चढसुद्धा सपाट वाटतो, आणि मालक आणखी चढ वाढवायला जातो.

हाच नियम बांधकामाला. रिटेनिंग वॉलच्या दगडांच्या ओळी आडव्या, वरची कड पायऱ्यांनी चढणारी. पुलाचे खांब उभे, विजेचे खांब ओळंब्यात. खांब रुळाला काटकोनात बसवले की घाट नाहीसा होतो. विजेचे खांब खऱ्या मार्गावर सरळीत ७२ मीटरपर्यंत अंतरावर असतात, एचओमध्ये ते ८० सेमीच्या वर जातं. वळणावर कमी असतं. मॉडेलवर ३० सेमी बरे दिसतात.

रंगाचं थोडक्यात : भोर घाटाचा कातळ काळपट राखाडी आहे. काळा आणि रॉ अंबर पाण्यात पातळ करून भेगांत सोडा, वरून कोरड्या ब्रशने फिकट राखाडी. जांभ्याचा तांबूस रंग इथे मारू नका, तो कोकणातल्या सड्यांचा. हिरवाई एकाच ऋतूची ठेवा. धबधबा आणि वाळलेलं पिवळं गवत शेजारी शेजारी असत नाही.

देखाव्यामुळे घाट बिघडतो तो असा

आठवडाभर नीट चाललेला चढ प्लास्टर केल्यावर बिघडतो, याची कारणं ठरलेली आहेत. प्लास्टरचं पाणी प्लायमध्ये जातं आणि पट्टी पीळ घेते. साधा कमर्शियल प्लाय वापरू नका. आयएस ७१० चा मरीन किंवा किमान आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर घ्या. दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना ऑइल प्रायमरचे दोन हात द्या, मगच रूळ टाका. औषधाच्या दुकानातलं पीओपी बँडेज डोंगरासाठी उत्तम, पण त्याचं कवच रुळाच्या पट्टीला टेकू देऊ नका. २-३ मिमी फट ठेवा आणि शेवटी ती सुक्या माती-खडीने भरा. कवच सुकताना आक्रसतं आणि पट्टीला एका बाजूला ओढतं.

डोंगराचा गाभा एक्सपीएस फोमचा करणार असाल तर सॉल्व्हंटवाला फेविकॉल एसआर लावू नका, फोम विरघळतो. पाण्यातला फेविकॉल चालतो, पण दोन फोमच्या मधे हवा लागत नाही म्हणून सुकायला दोन-तीन दिवस घेतो. तोवर वजन ठेवा.

खडी टाकताना कण स्लीपरच्या माथ्याखालीच राहू द्या. खरी खडी जास्तीत जास्त ६५ मिमीची, म्हणजे एचओमध्ये पाऊण मिमी. एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने सोडा. सुकल्यावर नखाने रुळाच्या आतल्या बाजूने पूर्ण घाट घासून जा. फ्लँजच्या (चाकाच्या आतल्या उंच कडेच्या) वाटेत अडकलेला एक कण चाक उचलतो. समुद्राची वाळू वापरायची असेल तर आधी पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून फिरवा. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत चुंबकाला चिकटणारे कण असतात, ते मोटरच्या चुंबकावर जाऊन बसतात आणि चढावर इंजिन अडखळायला लागतं. नकली गवताच्या रेशांनी गिअर भरतात. ते रुळापासून दोन सेमी लांबूनच लावा आणि लावल्यावर व्हॅक्यूम फिरवा.

बोगदा बंद करायच्या आधी सर्वांत लांब डबा घ्या. एलएचबी (नव्या प्रकारचा प्रवासी डबा) असेल तर एचओमध्ये २७० मिमी. त्याच्या दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूने आणि मध्यावर आतल्या बाजूने पेन्सिल चिकटवा आणि हाताने वळणातून ढकला. जिथे खुणा उमटतील त्याच्या पलीकडे ५ मिमी जागा सोडून भिंत उभी करा. बोगद्याच्या मागच्या बाजूला दर ६० सेमीला हात जाईल अशी १५ बाय २० सेमीची खिडकी ठेवा. ती झाकणासारखी ठेवा, चिकटवू नका. घसरलेली वाघीण बाहेर काढायला आणि आतला रूळ पुसायला दुसरी वाट नसते.

दर पावसाळ्यात

पुण्यात आणि त्याहून जास्त मुंबई-कोकणात लाकूड जून ते सप्टेंबर फुगतं आणि दिवाळीनंतर आक्रसतं. रुळाची धातू तापमानाने फारशी बदलत नाही, लाकूडच खाली सरकतं. म्हणून वळणावरचे जोड सोल्डर करा, पण सरळ भागात दर मीटरला अर्धा ते एक मिमी फट मोकळी सोडा आणि तिथे दोन्ही बाजूंना फीडर द्या. फट भर पावसाळ्यात सोडत असाल तर एक मिमी, कारण पुढे ती मिटत येते. उन्हाळ्यात अर्धा मिमी पुरे.

जूनच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी लेव्हल पुन्हा रुळावर ठेवा आणि पेन्सिलीच्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा. ६० सेमीला एका मिमीपेक्षा जास्त फरक असलेला टेकू आधी सैल करा, उंची जुळवा, आडवी लेव्हल बघा, मग बोल्ट आवळा. सुरुवात नेहमी चढाच्या खालच्या तोंडापासून करा. वरून सुरू केलं तर सगळा फरक त्या ६० सेमीत गोळा होतो आणि कपलर पुन्हा तिथेच सुटतात.